फराळाचे पैसे यंदा कुणाला? बीडच्या होस्टेलला की इथल्या मुलींना?

अल्फारेटाची_अनघा:

मंडळी, लांबलचक लिहिणारे, चहा घेऊन बसा.

आम्ही बाराजणी अटलांटाच्या उत्तरेला राहतो. आठ वर्षं झाली, दिवाळीआधी ऑर्डरी घेऊन फराळ करतो. चकली, करंजी, चिवडा, बेसनाचे लाडू. तीन वीकेंड एकीच्या गराजमध्ये टेबलं मांडून तळण चालतं, कारण घरात तळलं की स्मोक अलार्म बोंबलतो आणि पुढे आठवडाभर सगळ्यांच्या जॅकेटांना चकलीचा वास येतो. खर्च वजा जाता गेल्या वर्षी ६,२४० डॉलर उरले. हे पैसे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या एका छोट्या होस्टेलला जायचे. आईबाप कारखान्यावर गेले तरी पोरी गावात राहतात, शाळा सुटत नाही आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी उजवून टाकायची घाई जरा तरी लांबते.

यंदा दोन घोळ झाले. होस्टेलच्या सरांचा फोन आला की ताई, आमच्याकडे एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी) नाही, पूर्वी मोठ्या संस्थेमार्फत यायचे ते कधीच बंद झालं, आणि मधली वर्षं तुम्ही जसे पोचवलेत तसे आता आमचा ऑडिटर घेऊ देत नाही. (कसे पोचवले ते इथे लिहीत नाही.)

दुसरा घोळ माझ्या लेकीचा. अकरावीत आहे. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने मिस फाउंडेशनचा २०२० चा रिपोर्ट वाचला. त्यात २०१७ चा हिशोब आहे, की इथल्या फाउंडेशन्सनी वर्षात जे ६६.९ अब्ज डॉलर वाटले त्यातला जेमतेम अर्धा टक्का 'विमेन अँड गर्ल्स ऑफ कलर'साठी, म्हणजे गोऱ्या नसलेल्या बायका-मुलींसाठी गेला, डोई ५ डॉलर ४८ सेंट. आमचं चकलीचं पाकीट बारा डॉलरला. पोरीने पाकीट फोडलं, अर्ध्या चकल्या ताटलीत काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, आई, एवढंच. आणि त्या कलरमध्ये तू पण येतेस बरं का.

मी ग्रुपवर टाकलं की यंदा निम्मे पैसे अटलांटातल्या काळ्या मुलींसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला देऊया का. तर एकजण म्हणाली, त्यांच्यासाठी इथलं सरकार आहे, आपण कशाला. दुसरी जे म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही, तुम्ही सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या हळदीकुंकवाला ऐकलंच असेल. मला तिथे तोंड उघडता आलं नाही, घरी येऊन भांडी आपटली.

तर विचारायचंय एवढंच. एक, इथे असं 'फक्त काळ्या मुलींसाठी' देणं कायद्यात बसतं का? फिअरलेस फंडची केस आमच्याच गावातली, त्यामुळे सगळ्या घाबरल्यात. दोन, होस्टेलला सरळ मार्गाने कसे पाठवायचे. तीन, मुळात कुणाला द्यावे हे ठरवता कसं तुम्ही लोक?

*

सीपीए_शार्लट:

अनघाताई, कसे पोचवले ते लिहिलं नाहीत हे फार बरं केलंत. आता परत करू नका.

आधी फिअरलेस फंड. ही काळ्या बायकांनी काढलेली अटलांटाची गुंतवणूक कंपनी, कारण व्हेंचर कॅपिटलमधला एक टक्कासुद्धा काळ्या बायकांच्या धंद्यांना मिळत नाही. त्यांची २०,००० डॉलरची एक ग्रँट होती, अर्ज फक्त काळ्या स्त्री उद्योजकांनी करायचा. ऑगस्ट २०२३ मध्ये एडवर्ड ब्लम यांच्या संघटनेने केस टाकली. हेच ते गृहस्थ ज्यांच्या दुसऱ्या संघटनेने हार्वर्डच्या प्रवेशात वंश बघण्याविरुद्धची केस महिनाभरच आधी सुप्रीम कोर्टात जिंकली होती. केस टाकली कुठल्या कायद्याखाली, तर १८६६ चा नागरी हक्क कायदा, म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्यांना गोऱ्यांच्या बरोबरीने करार-मदार करता यावेत म्हणून केलेला. खालच्या कोर्टाने फंडाच्या बाजूने दिलं, पण जून २०२४ मध्ये अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक असं ग्रँटला मनाई केली आणि सप्टेंबरात तडजोड होऊन ती ग्रँट बंदच पडली.

पण त्यातली ग्यानबाची मेख अशी की कोर्टाने ती ग्रँट दान धरलीच नाही. स्पर्धा, नियम, तुम्ही हे द्या आम्ही ते देतो, म्हणजे करार झाला, आणि करारात वंश बघायचा नाही. तुम्ही असलं काही करत नाहीये. तुम्ही एका नोंदणीकृत संस्थेला चेक देणार आणि बदल्यात काही मागणार नाही. त्याला कुणी हात लावत नाही. तुमच्याच गावच्या स्पेलमन कॉलेजला, जे काळ्या मुलींचं कॉलेज म्हणूनच १८८१ मध्ये एका चर्चच्या तळघरात सुरू झालं, जानेवारी २०२४ मध्ये एका जोडप्याने १० कोटी डॉलर दिले. तुमच्या सहा हजाराला कोण विचारतं. फक्त तुम्ही स्वतः स्कॉलरशिप काढून अर्ज-बिर्ज मागवायच्या फंदात पडू नका. संस्था ५०१ सी ३ (करमुक्त धर्मादाय) आहे का ते आयआरएसच्या, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याच्या साइटवर शोधा आणि तिचा फॉर्म ९९० (वर्षाचा हिशोब) उघडून बघा, पगार किती, काम किती, सगळं उघडं असतं.

भारत. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका एफसीआरए संस्थेने परदेशी पैसे दुसरीला द्यायचे नाहीत, म्हणून तुमची मोठ्या संस्थेची वाट बुजली. आणि ज्यांच्याकडे एफसीआरए आहे त्यांचेही पैसे आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच यावे लागतात, मग संस्था बीडला असो नाहीतर कोहिमाला. पण ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. ओसीआयवाल्यांना (परदेशी पासपोर्ट घेतलेले मूळ भारतीय) ही सवलत नाही, त्या कागदोपत्री परदेशीच. पण फराळाचे पैसे एका भारतीय पासपोर्टवालीच्या खात्यात टाकून तिच्या नावाने पाठवायचा शहाणपणा करायचा नाही, ते तिची बचत होत नाहीत. (तुमच्यातली कुणीतरी हे सुचवणार याची मला खात्री आहे. दरवेळी सुचवतात.)

*

बीडकर_रोखठोक:

मी स्पष्ट बोलतो, राग आला तर येऊ द्या. तिकडच्या काळ्या मुलींना १० कोटी डॉलर देणारे आहेत असं वर शार्लटवाले स्वतःच लिहितात. आमच्या पोरींना कोण आहे? इथे नवराबायकोच्या जोडीला माणूस म्हणत नाहीत, 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत पहाटे चारला फडात. बाई एक दिवस पाळीमुळे आडवी झाली की खाडा, वर दंड. म्हणून बायका पिशवी काढून मोकळ्या होतात, पंचविशी-तिशीत. २०१९ ला सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, बीडमध्ये ज्या बायकांना विचारलं त्यात १३ हजारांवर निघाल्या गर्भपिशवी काढलेल्या. हे वाचून तिकडं कुणी ताटलीत चकल्या काढल्या का?

आपलं घर गळतंय नि शेजारच्याचं छप्पर शाकारायला निघालात. पैसे इकडेच पाठवा. कायदा काय असेल ते सोडवा, शिकलेल्या आहात.

*

अल्फारेटाची_अनघा:

दादा, राग नाही आला. आठ वर्षं तिकडेच पाठवलेत, पुढेही पाठवायचेत, म्हणून तर विचारतेय. पण शेजारचं छप्पर म्हणालात तिथे अडखळले. मी इथे पंधरा वर्षं राहते हो. पोरगी इथलीच. जिच्याबरोबर ती बसमधून शाळेत जाते त्या मुलीची मावशी बाळंतपणात गेली, हॉस्पिटलातून दोनदा परत पाठवलं होतं म्हणे, काही नाही, घरी जा आराम कर. इथे काळ्या बायका बाळंतपणाच्या कारणाने गोऱ्यांच्या तिप्पट मरतात. पैसेवाल्यासुद्धा. तर ते छप्पर शेजारचं की माझं, मला खरंच कळेनासं झालंय.

*

पेन्शनर_काका_पुणे:

अनघा, बीडकर म्हणतात ते खोटं नाही, पण उलटा हिशोबही एकदा मांडायला हवा. अमेरिकेतल्या बायकांनी 'आपलं घर आधी' म्हटलं असतं तर आपल्याकडचं बरंच काही झालं नसतं.

मार्च १८८६, फिलाडेल्फिया. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो समारंभ बघायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या आणि दोनेक वर्षं तिकडेच राहून गावोगाव भाषणं देत फिरल्या. १८८७ मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं, ते विकून पैसे जमवले. त्याच वर्षी डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, दहा वर्षं शाळेचा खर्च उचलू म्हणून. आणि खर्च उचलला कुणी? गावोगावी 'रमाबाई सर्कल' निघाली, त्यातल्या बायका वर्षाला थोडे थोडे डॉलर भरायच्या. म्हणजे तुमच्यासारखीच भिशी. त्या पैशांवर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथे पहिल्याच दिवसांत आलेली विधवा मुलगी गोदूबाई, पुढे ती धोंडो केशव कर्व्यांची बायको झाली, आणि कर्व्यांनी पुढे काय केलं ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या बाईने मॅसॅच्युसेट्सच्या कुठल्याशा गावात तो डॉलर भरला तिला गोदूबाईचं नाव उच्चारतासुद्धा आलं नसतं.

आता याची दुसरी बाजू, ती सांगितली नाही तर मी अर्धवट बोललो असं होईल. त्या पैशाला अट होती, धर्म शिकवायचा नाही. रमाबाई ख्रिस्ती, मुली त्यांच्या प्रार्थनेला जाऊन बसायच्या, १८९३ मध्ये गदारोळ झाला, केसरीने झोडपलं, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि लोकांनी मुली काढून नेल्या. बॉस्टनवाले मात्र रमाबाईंच्या पाठीशी राहिले. लांबचा देणारा असला की हे होतंच, आपण काय मान्य केलं होतं ते दोन्हीकडच्यांना वेगवेगळं आठवतं. अटी घालणारे आपल्यातही होतेच की. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या विद्यापीठाला पंधरा लाख दिले ते आईचं नाव लावायच्या अटीवर, म्हणून एसएनडीटी. पण ही अट त्यातल्या त्यात बरी, नाव लावा आणि काम तुमचं तुम्ही करा.

आणि तिसरी बाजू, ही मला जास्त टोचते. 'हिंदू स्त्री'च्या नावाने जमलेला तो पैसा सुरुवातीची वर्षं पोचला कुणापर्यंत? उच्चवर्णीय विधवांपर्यंत, पुस्तकाचं नावच तसं होतं. बाकीच्या जातींच्या पोरी रमाबाईंकडे मोठ्या संख्येने आल्या त्या १८९६-९७ च्या दुष्काळात, केडगावला. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधी, १८७३ मध्ये, जोतिबांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी निग्रो गुलामांना मुक्त करायला झीज सोसली त्यांना. त्या गृहस्थाला पुण्यात बसून दिसलं होतं की तिकडचा काळा आणि इकडचा शूद्रातिशूद्र एका माळेतले. तुमच्या हळदीकुंकवाच्या बायकांना अटलांटात राहून दिसत नाही, याचं मला नवल नाही वाटत, वाईट वाटतं.

*

बसभाडं:

मी लातूर भागात एका बारक्या संस्थेत आहे, आम्ही चौघीजणी, त्यातल्या तिघी दलित, चौथी पारधी. नाव सांगत नाही, कारण पुढे देणगीदारांबद्दल लिहिणारे.

अनघाताई तुमचा तिसरा प्रश्न, कुणाला द्यावं. मला उलट्या बाजूने सांगता येईल, आमच्याकडं काय येतं ते. शिलाई मशीन येतात. एका मोठ्या देणगीदाराने तीन वर्षांमागं अकरा मशीन दिल्या, रिबन, नारळ, फोटो सगळं. आमच्या वस्तीत आधीच दोन बायका ब्लाउज शिवून कंटाळल्यात, तिसरीला गिऱ्हाईक नाही. मशीन अजून समाजमंदिरात भिंतीला लावून आहेत, वर गणपतीची डेकोरेशनची खोकी ठेवलीत. आम्ही मागितलं काय होतं? पोरगी पळवून नेली, मारलं, लग्न लावतायत असा फोन आला की रात्री गाडी करून जायला आणि दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या तारखेला आई-मुलगी दोघींचं एसटीचं भाडं नि दोन वेळचं जेवण. वर्षाचे एक लाख साठ हजार. ते 'ऍडमिन' आहे म्हणाले, ऍडमिनला पैसे नाहीत. अहो, आमचं कामच ते आहे!

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक खर्चाचं तसंच. २०१३ च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के खर्चावे लागतात, ऐकायला झकास. पण बारा-ए पाहिजे, ऐंशी-जी पाहिजे, सीएसआर-वन नंबर पाहिजे, तीन वर्षांचे ऑडिट पाहिजेत, इंग्रजीत प्रपोजल पाहिजे, मग एक्सेलमध्ये 'लाभार्थी' किती ते दर महिन्याला. एक पोरगी कोर्टात उभी राहून 'मला हे लग्न नको' म्हणाली, त्याला आठ महिने लागले, ते एक्सेलमध्ये १ असं दिसतं. शेजारच्या संस्थेनं दोन तासांत पाचशे मुलींना पॅड वाटले, ते ५०० दिसतं.

अजून एक. बायकांसाठी म्हणून पैसा आला की तो आधी बोलक्या, इंग्रजीवाल्या, शहरातल्या बायकांच्या संस्थांकडं जातो. दलितांसाठी म्हणून आला की स्टेजवर पुरुष. आम्ही दोन्हीकडं सतरंजीवर. तुमच्या लेकीनं ते पाच डॉलरचं वाचलं ना, ते वाचून मला आमचंच वाटलं. तिकडच्या काळ्या बायका पण हेच म्हणत असणार.

म्हणून द्यायच्या आधी एवढं बघा, संस्थेत सही कुणाची चालते. ज्यांच्यासाठी काम आहे त्यातली कुणी त्या टेबलावर आहे का. तुमच्या बीडच्या होस्टेललाही हेच विचारा बरं का. ट्रस्टी कोण, आणि ऊसतोडीतून आलेली, होस्टेलात शिकून मोठी झालेली एक तरी मुलगी आता तिथं कामाला आहे का. बीडकर दादांनाही विचारते, तुमच्या लिहिण्यात कोयता आला, मुकादम आला, पण त्या बायका बहुतेक कुठल्या समाजाच्या ते आलं नाही.

*

बीडकर_रोखठोक:

ताई, बरोबर पकडलंत. वंजारी आहेत, दलित आहेत, बंजारा आहेत. मी स्वतः वंजारी, माझी आई पंधरा सीझन गेली. म्हणून तर तिडीक आली. त्या होस्टेलचं नाव मला व्यनि (खाजगी निरोप) करा अनघाताई, परळीकडं असेल तर मी जाऊन बघून येतो, ट्रस्टी कोण ते.

*

माँटगोमेरीला_एकदा:

इतकं वाचून राहवलं नाही. अनघा, तुझ्यापासून अडीच-तीन तासांवर माँटगोमेरी आहे, पोरीला घेऊन जा. तिथे जॉर्जिया गिलमोर नावाच्या बाई होत्या, स्वयंपाकी आणि सुईण. १९५५ च्या डिसेंबरात तिथल्या काळ्या लोकांचा बसमधल्या वंशभेदाविरुद्ध बस बहिष्कार सुरू झाला, तो ३८१ दिवस चालला. एवढे दिवस लोकांना कामावर न्यायचं तर गाड्या पाहिजेत, पेट्रोल पाहिजे. या बाईंनी ओळखीच्या बायका जमवल्या, सगळ्या घरकाम, स्वयंपाक करणाऱ्या. केक, पाय, तळलेल्या कोंबडीची सँडविचेस घरी करायची आणि सलूनमध्ये, दारोदार विकायची. गोरी गिऱ्हाइकं पण घ्यायची. पैसे सभेत आणून द्यायचे. नाव ठेवलं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', कारण पैसे कुठून आले विचारलं तर उत्तर तयार, कुठूनच नाही! कुणाचं नाव बाहेर पडलं असतं तर तिची नोकरी गेली असती. गिलमोरबाईंची गेलीच, कोर्टात साक्ष दिल्यावर. मग घरातच खानावळ काढली.

तर तुमच्या गराजातल्या तळणाला जुनी वंशावळ आहे असं समज. त्या शेरा मारणाऱ्या मैत्रिणीला हे सांगून उपयोग होईल का माहीत नाही, माझ्या नणंदेला झाला नव्हता.

*

अल्फारेटाची_अनघा:

सगळ्यांचे आभार. रविवारी मीटिंग झाली, खबर देते.

आधी 'बसभाडं'ताई. तुमचं लिहिलेलं मी मोठ्याने वाचून दाखवलं. शिलाई मशीनपाशी दोघी हसायला लागल्या आणि मग गप्प झाल्या, कारण २०२१ ला आम्हीही होस्टेलला सहा मशीन दिल्या होत्या. फोटो आहेत आमच्याकडे, माझाच सगळ्यात मोठा.

मत घेतलं, सात विरुद्ध पाच. फराळाचे पैसे यंदा इथे. संस्था लेकीनेच शोधली, काळ्या बायकांनीच चालवलेली, गरोदर बायकांबरोबर डॉक्टरकडे जायला, बाळंतपणात शेजारी उभं राहायला डौला पाठवतात. फॉर्म ९९० बघितला, संचालक मंडळात त्याच वस्तीतल्या आया आहेत. आम्ही फोन करून विचारलं की कशासाठी द्यायचे, तर पलीकडची बाई क्षणभर थांबली आणि म्हणाली, गॅस अँड पार्किंग. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर एसटीचं भाडं आठवलं.

होस्टेलचं असं की आमच्यातल्या पाचजणींचे पासपोर्ट अजून भारतीय आहेत, त्या आपापल्या पगारातून, आपापल्या खात्यातून पाठवणार, फराळाशी संबंध नाही. (शार्लटकर, तुम्ही म्हणालात तो शहाणपणा खरंच एकीने सुचवला. मी तुमची पोस्ट पुढे केली.) सरांना ट्रस्टींबद्दल विचारलं, जरा लांब पॉज आला, मग म्हणाले चारही पुरुष आहोत, पण तिथेच शिकलेली एक मुलगी आता नर्स आहे, तिला विचारतो. बीडकर दादा, व्यनि केलाय.

जिने ते लिहिण्यासारखं नाही ते म्हटलं होतं, ती विरोधातच राहिली. मी यावेळी तोंड उघडलं, आवाज कापत होता पण उघडलं. ती म्हणाली मला पटत नाही, आणि उठून जाईल असं वाटलं, पण गेली नाही. चकलीचा सोऱ्या तिच्याकडेच असतो, तो आणते म्हणाली.

शार्लटकर, एक शेवटचं. लोक विचारतायत की बारा डॉलरच्या पाकिटाची टॅक्सला पावती मिळेल का?

*

सीपीए_शार्लट:

नाही. चकली खाल्ली, दान नाही. बाराच्या पाकिटाला कुणी पन्नास दिले तर वरचे अडतीस, तेही त्याने चेक थेट संस्थेच्या नावाने लिहिला तर. तुमच्या ग्रुपच्या नावाने अजिबात नाही. आणि कंपनीचं मॅचिंगही (तुम्ही दिलेत तेवढीच भर नोकरीची कंपनी घालते ते) तसंच मिळतं, ज्याचं त्याने ऑनलाइन थेट द्यायचं आणि पावती अपलोड करायची. पाकिटावर संस्थेच्या डोनेशन पेजचा क्यूआर चिकटवा, काम झालं.

भाजणीच्या चकल्या असतील तर दोन पाकिटं शार्लटला.